जुन्या लक्झरी गाड्यांचं स्टिअरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं कोणत्या गाड्यांना लागू पडतं?

साधारण १९३५ च्या आधीच्या, पुढे एकच अखंड अॅक्सल आणि दोन बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांना. मी मुख्यतः रोल्स रॉइस डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे सिल्व्हर घोस्ट, १९२२ पासूनची ट्वेंटी, १९२५ ची फँटम वन, १९२९ नंतरची फँटम टू आणि २०/२५, पण त्याच काळातली पॅकार्ड, कॅडिलॅक, डेमलर, हिस्पानो यांचा सांगाडा फार वेगळा नाही. स्टिअरिंग बॉक्सच्या (कॉलमच्या खालच्या टोकाची गिअरची पेटी) आत कुठे वर्म (स्क्रूसारखा गिअर)-नट, कुठे वर्म-सेक्टर, कुठे कॅम-रोलर एवढाच फरक. १९३४ च्या कॅडिलॅकपासून आणि १९३६ च्या फँटम थ्रीपासून पुढची चाकं स्वतंत्र झाली, त्या गाड्यांना पाटे-अॅक्सलबद्दलची उत्तरं लावू नका.

स्टिअरिंगमध्ये प्ले (चाकं न वळता फिरणारी मोकळीक) आहे, मेकॅनिक म्हणतो बॉक्स उघडावा लागेल. उघडू का?

नका उघडू, आत्ता तरी नको. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि परत परत सांगेन, कारण या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान रस्त्यावर नाही तर घाईघाईने बॉक्स उघडून आणि अॅडजस्टर आवळून झालंय. बॉक्स तेलात बुडालेला असतो, त्याची झीज हळू होते, आणि खाली रस्त्याच्या धुळीत, पाण्यात, चिखलात उघडे पडलेले दहा जॉइंट मात्र त्याच्या कितीतरी आधी झिजतात. तपासायचं ते जमिनीकडून वर यायचं : टायर, मग व्हील बेअरिंग, किंग पिन (जिच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती उभी पिन), पाटे आणि यू-बोल्ट, टाय रॉडची (दोन चाकांना जोडणारा दांडा) टोकं, ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट, आणि सगळ्यात शेवटी बॉक्स.

मग प्ले नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं?

दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चाकं सरळ आणि जमिनीवर टेकलेली, जॅकवर नाही. एकजण सीटवर बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलकं हलवत राहतो, चाक फिरेल एवढं नाही, फक्त प्लेपुरतं. दुसरा खाली झोपून एकेका जॉइंटवर बोट ठेवतो, बोट असं ठेवायचं की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्या भागावर येईल. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येऊन ड्रॅग लिंक हलवणारा आर्म) हलतोय पण ड्रॅग लिंक अर्ध्या क्षणाने हलते का? ड्रॅग लिंक हलतेय पण स्टब अॅक्सलचा (अॅक्सलच्या टोकाचा, चाक बसतं तो वळणारा भाग) आर्म गप्प आहे का? टाय रॉडच्या एका टोकाला हालचाल येते आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोचेपर्यंत विरते का? प्रत्येक जॉइंटचं कागदावर लिहून ठेवा.

याच वेळी बॉक्स जिथे चॅसीला बसतो तिथेही हात ठेवा. कितीतरी गाड्यांमध्ये बॉक्सच अख्खा चॅसीवर हलत असतो आणि सगळे त्याच्या आतला वर्म बदलायच्या गोष्टी करत बसतात. बोल्ट आवळून प्रश्न सुटला तर उत्तम, पण बोल्टच्या भोकांभोवती चॅसीला बारीक चीर आहे का ते घासून, साफ करून बघाच.

किती प्ले चालतो म्हणाल तर स्टिअरिंगच्या कडेवर मोजून इंच-दीड इंच या वयाच्या गाडीला ठीक आहे. रोल्सचं चांगलं सांभाळलेलं स्टिअरिंग यापेक्षा बरंच घट्ट असतं. तीन-चार इंच असेल तर गाडी बाहेर काढूच नका.

किंग पिन झिजलीय की व्हील बेअरिंग ढिली आहे, हे कसं ओळखायचं?

पुढचा अॅक्सल जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंग पिन किंवा तिचे बुश.

पण ही युक्ती पुढे ब्रेक असलेल्या गाड्यांनाच लागू. घोस्टला पुढचे ब्रेक १९२४ च्या सुमारास आले, त्याआधीच्या गाड्यांना ते नाहीतच. अशा गाडीत आधी व्हील बेअरिंग नीट अॅडजस्ट करून घ्या, मग हलवा, आणि नजर चाकावर नाही तर अॅक्सलचा डोळा (किंग पिन बसते ते टोक) आणि स्टब अॅक्सल यांच्या मधल्या फटीवर ठेवा. टॉर्च लावला की फट उघडमीट होताना स्पष्ट दिसते.

किंग पिन आपल्याकडे बनवता येतात का?

येतात, आणि चांगल्या येतात. कोल्हापूर, पुणे, नाशिकच्या एमआयडीसीत असं काम रोजचं आहे. ईएन ३५३ सारखं केस हार्डनिंगचं स्टील घ्या, हार्डनिंग झाल्यावर ग्राइंडिंग करून फायनल साइज आणा, लेथवरची फिनिश चालणार नाही. बुश ब्रॉन्झचे. आणि इथे एक गोष्ट जिच्यावर सगळं काम अवलंबून आहे : वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने (भोक मापात आणायचं हत्यार) एका रेषेत रीम झाले पाहिजेत. वेगवेगळे रीम केले की पिन बसते, पण वाकड्या भोकात बसते, मग कोणीतरी एमरी पेपर मारून ती सैल करतो आणि नव्या पिनचा प्ले पहिल्याच दिवसापासून सुरू. क्लिअरन्स एक ते दोन थाउ (इंचाचा हजारावा भाग), त्याहून जास्त नको. पिनला तेल लावून स्टब अॅक्सल बसवला की तो हाताने सहज वळला पाहिजे पण हलता कामा नये.

वजन घेणारा थ्रस्ट वॉशर किंवा बेअरिंग जुनाच परत टाकू नका. स्टिअरिंग जड लागण्यामागे खूपदा तोच असतो, आणि बदलायला सगळ्यात स्वस्त.

चाळीसच्या आसपास पुढची चाकं थरथरायला लागतात, स्टिअरिंग हातातून सुटेल असं वाटतं. काय करू?

याला शिमी म्हणतात आणि हे खरंच भीतिदायक असतं. आधी तो क्षण कसा निभवायचा ते : स्टिअरिंगशी मारामारी करू नका, दोन्ही हातांनी घट्ट धरा, अॅक्सिलेटर सोडा आणि गाडीचा वेग हळूहळू कमी होऊ द्या, जोरात ब्रेक मारू नका.

१९२० च्या दशकाच्या मध्यात या दुखण्याने सगळ्या मोठ्या कंपन्यांना सतावलं. कारण दोन गोष्टी एकदम आल्या, पुढच्या चाकांवर ब्रेक ड्रमचं वजन वाढलं आणि हाय प्रेशरच्या बारीक टायरऐवजी मऊ, जाड बलून टायर आले. जड चाक, मऊ टायर, आणि मध्ये किंग पिनवर वळायची मोकळीक, मग एका ठराविक स्पीडला चाकं आपोआप डावी-उजवी झुलायला लागतात आणि तो झोका वाढत जातो.

आज तुमच्या गाडीत हे होत असेल तर टायरपासून सुरुवात करा. दोन्ही पुढच्या टायरचं प्रेशर सारखं आहे का, टायर गोल आहे का, चाक बॅलन्स आहे का, वायर व्हील असेल तर तारा सगळ्या सारख्या ताणलेल्या आहेत का. मग किंग पिन आणि ड्रॅग लिंक. मग शॉकअॅब्सॉर्बर, हार्टफर्डसारखे फ्रिक्शनवाले असतील तर त्यांच्या चकत्यांवर कोणीतरी ग्रीस मारून ठेवलंय का ते बघा, मारलं असेल तर ते घर्षणच करत नाहीत. एवढं सगळं ठीक असूनही थरथर राहिली तर कॅस्टर मोजा.

कॅस्टर म्हणजे काय, आणि घरी मोजता येतो का?

बाजूने बघितलं तर किंग पिनचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं, त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं. कमी असेल तर गाडी रस्त्यावर भटकते, सारखं सावरत राहावं लागतं. जास्त असेल तर स्टिअरिंग जड होतं आणि शिमीला आयतं निमंत्रण.

मोजायला महाग मशीन नको. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये हवा बरोबर, अॅक्सलवर पाटा बसतो ती मशीनिंग केलेली जागा किंवा किंग पिनचा सपाट माथा बघून त्यावर अँगल दाखवणारं लेव्हल टेकवा. दोन्ही बाजूंचा आकडा घ्या. गाडीच्या हँडबुकात जो दिलाय त्याच्याशी जुळवा, आणि दोन बाजू एकमेकांशी जुळतात का तेही बघा, कारण दोन बाजूंत मोठा फरक म्हणजे अॅक्सल पिळलेला.

कॅस्टर बिघडतो कसा, तर बहुतेक वेळा पाट्यांमुळे. मागचे पाटे बसले की गाडीचं नाक वर येतं आणि पुढचा कॅस्टर वाढतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही, पुढचं दुखणं म्हणून सगळे पुढेच शोधत राहतात. शिवाय पाटे खोलून नवीन पाणी देऊन आणले आणि बसवताना पुढचं टोक मागे झालं, असंही होतं. पाटे हँडबुकाप्रमाणे असूनही आकडा चुकत असेल तरच पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये उतरती पाचर टाकायची. अॅक्सल पाट्याच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे ठेवली की कॅस्टर कमी होतो, मागे ठेवली की वाढतो. पाचर स्टीलची घ्या, अॅल्युमिनियमची चेपते.

ड्रॅग लिंकचे बॉल कसे तपासायचे?

लिंक खोला, आतून क्रमाने काय काय निघतं त्याचा फोटो काढा : प्लग, स्प्रिंग, वाटी, बॉल, वाटी, पुन्हा स्प्रिंग. एका टोकाचा क्रम दुसऱ्या टोकापेक्षा वेगळा असू शकतो. बॉल रॉकेलने धुवून व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा, एकदा गाडीच्या लांबीच्या दिशेने आणि एकदा आडवा. ओढणं-ढकलणं सगळं लांबीच्या दिशेने होतं म्हणून बॉल त्याच दिशेने चपटा होतो. पुष्कळदा हातात घेतल्यावर बॉल चकचकीत आणि छान दिसतो, अंगठा फिरवला तरी काही लागत नाही, आणि व्हर्नियर लावल्यावर पंधरा-वीस थाउचा फरक निघतो. अशा चपट्या बॉलवर प्लग आवळला तर सरळ जाताना प्ले आणि वळताना अडकणं, दोन्ही एकदम मिळतं.

नवा बॉल टाकल्यावर प्लग पूर्ण आवळा आणि मग साधारण अर्धा फेरा मागे घ्या, स्प्लिट पिनचं भोक जुळेपर्यंत. स्प्लिट पिन नवीन घाला. जुनी सरळ करून वापरायची सवय या जागी तरी सोडा.

स्टिअरिंग खूप जड आहे. या गाड्या जडच असतात ना?

उभ्या गाडीत जड असतात, हे खरं. एवढी वजनदार गाडी आणि मदतीला काहीच नाही. पण गाडी थोडी चालत असताना घोस्ट किंवा ट्वेंटीचं स्टिअरिंग दोन बोटांनी नाही पण दोन हातांनी आरामात वळतं. वळत नसेल तर कुठेतरी काहीतरी धरतंय, आणि ते वेगळं काढता येतं.

पुढची चाकं हवेत उचला आणि स्टिअरिंग या लॉकपासून (पूर्ण वळणाच्या टोकापासून) त्या लॉकपर्यंत फिरवा. हलकं झालं? मग दोष टायरमध्ये किंवा थ्रस्ट वॉशरमध्ये. अजूनही जड? ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मवरून सोडवा आणि परत फिरवा. आता हलकं झालं तर किंग पिन किंवा बॉल घट्ट आहेत. तरीही जड तर बॉक्स किंवा कॉलम. मग डॅशबोर्डजवळचा कॉलमचा ब्रॅकेट ढिला करा. ढिला करताच कॉलम टणकन बाजूला सरकला तर गाडी बांधताना तो जबरदस्तीने ओढून बसवला होता. बॉडी नवीन केलेल्या गाड्यांमध्ये हे फार सापडतं. ब्रॅकेटखाली शिम (पातळ पत्रा) टाका, कॉलमला त्याच्या जागी सरळ बसू द्या.

टायरचं सांगायचं तर बीडेड एज टायर असतील तर प्रेशर कमी करून वळणं किंवा कंफर्ट शोधू नका, तो टायर रिममध्ये हवेच्या दाबावरच टिकलेला असतो, दाब कमी झाला तर वळणावर रिममधून निघू शकतो. आणि ज्यांनी आजचे रेडियल टायर टाकलेत त्यांचं स्टिअरिंग जड होणारच, या चाकांची आणि अॅक्सलची भूमिती जुन्या क्रॉस-प्लाय टायरसाठीच आखलेली आहे.

बॉक्समध्ये ग्रीस भरू का? तेल गळतं.

गळतं कारण त्या काळात आजच्यासारखे रबरी ऑइल सील नव्हते. ग्रीस भरलं की गळणं थांबतं आणि झीज सुरू होते. वर्म फिरताना ग्रीस बाजूला ढकलतो आणि ते परत जागेवर येत नाही, त्यामुळे बॉक्स वरून भरलेला दिसतो आणि आत दाते कोरडे घासत असतात. जाड गिअर ऑइल वापरा, एसएई १४० चालतं. फक्त ब्रॉन्झचे भाग असलेल्या बॉक्सला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल टाकू नका, त्यातले काही अॅडिटिव्ह ब्रॉन्झ खातात. गळणं अगदीच सहन होत नसेल तर पातळ, ओतता येणारं सेमी-फ्लुइड ग्रीस हा मधला रस्ता. खाली ट्रे ठेवून तेल टॉप-अप करत राहणं मला त्याहून बरं वाटतं.

ठीक आहे, सगळं तपासलं, दोष खरंच बॉक्समध्येच आहे. आता?

आता बॉक्सकडे वळूया. आत प्लेच्या तीन वेगळ्या जागा असतात आणि त्या एकत्र करू नका. पहिली, वर्मचा वर-खाली प्ले : स्टिअरिंग धरून स्वतःकडे ओढा आणि ढकला, कॉलम सरकला तर थ्रस्ट बेअरिंग. दुसरी, ड्रॉप आर्मच्या शाफ्टचे बुश : ड्रॉप आर्म धरून आडवा-उभा हलवा, शाफ्ट बुशमध्ये नाचला तर बुश बदला, त्याला दुसरा इलाज नाही. तिसरी, दात्यांची झीज. पहिल्या दोन नीट केल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही.

दात्यांचा प्ले घ्यायचा तो चाकं सरळ ठेवून, ड्रॅग लिंक सोडवून. आणि इथेच सगळे फसतात. गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळ चाललेली असते, म्हणून वर्म मधोमध सगळ्यात जास्त झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवा असतो. मध्ये प्ले शून्य केला की पूर्ण वळणावर तो जाम होतो. जाम झालेलं स्टिअरिंग ढिल्या स्टिअरिंगपेक्षा कितीतरी जास्त धोकादायक. म्हणून अॅडजस्ट केल्यावर लॉक टू लॉक फिरवून बघा, कुठेही अडलं तर मागे घ्या, आणि मध्ये जो प्ले उरेल तो स्वीकारा किंवा वर्म आणि नट जोडीने नवीन करून घ्या. ज्या गाड्यांमध्ये सेक्टरऐवजी पूर्ण गोल वर्म व्हील आहे तिथे नशीब चांगलं, व्हील पाव फेरा फिरवून न वापरलेले दाते समोर आणता येतात.

ड्रॉप आर्म काढताना खुणा करून घ्या आणि पुलर वापरा. हातोड्याचा मार थेट शाफ्टच्या बुशवर आणि आतल्या दात्यांवर जातो. रोल्समध्ये स्टिअरिंगच्या मधल्या इग्निशनच्या आणि गव्हर्नरच्या लिव्हरचे नळकांडे कॉलमच्या आतून खाली जातात, त्यांचीही जागा खडूने, फोटोने, जमेल तशी नोंदवून मगच हात घाला.

वाकलेला आर्म गरम करून सरळ केला तर चालेल?

नाही. कोणी कितीही जुना आणि हुशार कारागीर सांगत असला तरी नाही. हे आर्म फोर्जिंग आहेत, हीट ट्रीटमेंट केलेले, गॅसच्या फ्लेमने तापवले की ती ताकद गेली. वेल्डिंगही नाही. वाकलेला, ठोकलेला, किंवा ज्याचा इतिहास माहीत नाही असा प्रत्येक आर्म आणि स्टब अॅक्सल क्रॅक टेस्ट करून घ्या. मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट कोणत्याही मोठ्या औद्योगिक वसाहतीत होते. नव्वद-शंभर वर्षांच्या लोखंडात काय दडलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

गाडी एका बाजूला ओढते.

भारतात आपण डावीकडून चालवतो आणि रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यामुळे थोडी डावीकडे जाणारच. मोकळ्या सपाट जागेत बघा. तिथेही ओढत असेल तर टायर प्रेशर, मग एखादा ब्रेक घासतोय का (चाक हाताने फिरवून बघा, ड्रम गरम होतो का बघा), आणि मग टेप घेऊन पुढच्या अॅक्सलपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा.

ओळखीतल्या एका ट्वेंटीचं असंच झालं होतं, बॉक्स उघडून झाला, टाय रॉड बदलून झाला, गाडी तशीच ओढत होती. ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या तर एका बाजूचं अंतर पाऊण इंचाने कमी. पाट्याचा सेंटर बोल्ट आत तुटला होता आणि अॅक्सल हळूहळू मागे सरकला होता, वरून यू-बोल्ट व्यवस्थित दिसत होते.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढते, एरवी नाही.

ब्रेक सारखे लागत असतील तर पाटे बघा. पुढचा ब्रेक लागला की अॅक्सल पाट्यांवर पिळला जातो, स्टब अॅक्सलचा आर्म पुढे-मागे होतो, पण ड्रॅग लिंकचं दुसरं टोक चॅसीवर बसलेलं आहे, त्यामुळे स्टिअरिंग तुम्ही न फिरवता चाक वळतं. पाटे मऊ झाले किंवा यू-बोल्ट ढिले झाले की हे वाढतं.

अलाइनमेंट कुठे करू?

घरीच, खडू आणि खिळ्याने. चाकं उचला, टायरच्या मधोमध खडू फासा, चाक फिरवत खिळा स्थिर धरून एक बारीक रेघ मारा. दोन्ही चाकांना. गाडी खाली उतरवा, हाताने ढकलून थोडी पुढे न्या, मागे नाही, म्हणजे सगळे प्ले चालताना जिकडे बसतात तिकडे बसतात. मग दोन रेघांमधलं अंतर टायरच्या मागच्या बाजूला हबच्या उंचीवर मोजा, आणि तसंच पुढच्या बाजूला. पुढचं अंतर एक सोळांश ते एक अष्टमांश इंचाने कमी हवं. टाय रॉड फिरवून आणा, क्लॅम्प आवळा. चाकं वरून बाहेर झुकलेली दिसतात तो कॅम्बर, या गाड्यांना तो मुद्दाम असतो, तो कोणाला "सरळ" करू देऊ नका.

लग्नाच्या वरातीला, मिरवणुकीला गाडी देतो. काही काळजी?

हो, कारण तिथेच स्टिअरिंगचे हाल होतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते ती बघितली असेल, गर्दीत जड गाडी पावलापावलाने चालवायची म्हणजे काय ते कळतं. ड्रायव्हरला एकच सांगा : उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं नाही, गाडी किंचित तरी हलत असली पाहिजे. उभ्या गाडीत जोर लावून वळवताना सगळा भार वर्मच्या त्याच दोन-तीन दात्यांवर आणि ड्रॅग लिंकच्या बॉलवर येतो.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचं किट बसवू का?

मन करत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, आधी गाडी दुरुस्त करा, मग ठरवा. फ्रान्सिस डेव्हिसने १९२६ मध्येच पिअर्स-अॅरोवर हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवलं होतं, पण विकायच्या गाडीत ते पोचलं थेट १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. म्हणजे मधली पंचवीस वर्षं मोठमोठ्या गाड्या हातानेच वळल्या. मोटर झिजलेल्या किंग पिनचा जडपणा लपवते, आणि तोच जडपणा तुम्हाला सांगत होता की काहीतरी बिघडलंय. खांद्याचं दुखणं असेल, वय झालं असेल आणि गाडी चालवायचीच असेल, तर जरूर बसवा, पण ओरिजिनल कॉलम न कापता, परत काढता येईल असं.

काम झाल्यावर ट्रायल कशी घ्यायची?

आधी उभ्या गाडीखाली एकदा पडून प्रत्येक कॅसल नट (स्प्लिट पिनसाठी खाचा असलेला नट) आणि स्प्लिट पिन मोजा, तोंडाने मोजत. चाकं उचलून लॉक टू लॉक फिरवा, टायर मडगार्डला किंवा ड्रॅग लिंकला लागत नाही ना. मग रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगाने दोन्ही बाजूंना पूर्ण वळण, सरळ येतंय का बघा, मग वीस, मग तीस, हात ढिले सोडून नाही पण पकड हलकी ठेवून. पन्नास-साठ किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळा, नवीन बसवलेले पाटे तेवढ्यात बसतात आणि बोल्ट हमखास ढिले होतात. टो-इनही (चाकांमधल्या पुढच्या-मागच्या अंतराचा तो फरक) तेव्हाच पुन्हा एकदा मोजून घ्या.